१७८९ पासूनच्या अमेरिकन हाऊसच्या निवडणुका मतदारसंघानुसार कशा शोधायच्या: आधी नियम बघा, मग आकडे

आधी माझीच फजिती सांगते. न्यू जर्सीत राहायला आल्यावर डोक्यात किडा वळवळला की आपण राहतो त्या भागाचा १७८९ सालचा पहिला हाऊस मेंबर (हाऊस म्हणजे अमेरिकन संसदेचं कनिष्ठ सभागृह, आपल्या लोकसभेसारखं) कोण ते शोधून काढू, त्यात काय मोठंसं, डिस्ट्रिक्टचा, म्हणजे मतदारसंघाचा, नंबर काढायचा आणि नाव बघायचं. दोन संध्याकाळी नकाशे धुंडाळले, डिस्ट्रिक्ट काही सापडेना, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या वर्षी न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टच नव्हते! अख्ख्या राज्याने मिळून चार जण निवडले होते. म्हणजे मी नसलेली वस्तू दोन दिवस शोधत होते.

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळते, त्या वर्षी त्या राज्याचा नियम काय होता ते कळल्याशिवाय आकड्यांना हात लावायचा नाही. आपल्याकडे निवडणूक म्हटलं की एक आयोग, एक आचारसंहिता, एकाच दिवशी निकाल हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की १७८९ ते १८४२ ची अमेरिका वाचताना पदोपदी ठेच लागते. तिथे ‘अमेरिकेची निवडणूक’ अशी चीजच नव्हती, जितकी राज्यं तितक्या निवडणुका. राज्यघटनेने निवडणुकीची वेळ, जागा आणि पद्धत राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवली, काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्यात बदल करायचा हक्क ठेवला पण काँग्रेसने १८४२ पर्यंत पद्धतीला हात लावला नाही.

पहिली पायरी: कितवी काँग्रेस ते ठरवा

साल धरून शोधू नका, काँग्रेसचा नंबर धरून शोधा. संसदेच्या दर दोन वर्षांच्या मुदतीला एक नंबर असतो, पहिली काँग्रेस, दुसरी काँग्रेस असा. हिशोब सोपा आहे, नंबराची दुप्पट करा आणि १७८७ मध्ये मिळवा, की त्या काँग्रेसची मुदत कुठल्या वर्षी ४ मार्चला सुरू झाली ते मिळतं. पहिली १७८९, सहावी १७९९, अठ्ठाविसावी १८४३.

हे का करायचं, तर मतदान कधीही व्हायचं. सहाव्या काँग्रेसची मुदत मार्च १७९९ ला सुरू झाली आणि व्हर्जिनियात रिचमंडकडच्या मतदारसंघात मतदान झालं एप्रिल १७९९ मध्ये, म्हणजे मुदत सुरू झाल्यावर. चालून जायचं, कारण सभागृह प्रत्यक्ष बसायचं डिसेंबरात. याच्या बरोबर उलट न्यूयॉर्क, तिथे सातव्या काँग्रेसचं मतदान एप्रिल १८०० मध्येच उरकलं आणि ती काँग्रेस बसली डिसेंबर १८०१ ला, म्हणजे निवडून आलेला माणूस दीड वर्षाहून जास्त घरी बसून. पहिल्या काँग्रेसचं तर विचारूच नका, पेनसिल्व्हेनियाने नोव्हेंबर १७८८ मध्ये मतदान केलं, नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड यांनी घटनाच उशिरा मान्य केली म्हणून त्यांचं मतदान गेलं १७९० मध्ये. तेव्हा ‘१७८८ ची निवडणूक’ असं कुठे लिहिलेलं दिसलं की ते सोयीसाठी दिलेलं नाव आहे असं समजा. सगळ्या देशात हाऊससाठी एक दिवस ठरवणारा कायदा १८७२ चा.

दुसरी पायरी: राज्याला जागा किती

पहिल्या खेपेला जागा थेट घटनेतच लिहून दिल्या होत्या, एकूण ६५. व्हर्जिनिया १०, मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनिया ८-८, न्यूयॉर्क आणि मेरीलँड ६-६, न्यू जर्सी ४, डेलावेअर आणि ऱ्होड आयलंडला एकेक. ज्या राज्याला एकच जागा तिथे तुमचं काम सोपं, राज्य हाच मतदारसंघ.

मग १७९० ची जनगणना झाली आणि भांडण सुरू झालं की भागाकार करून उरलेल्या बाकीचं काय करायचं. १२० जागांचं बिल काँग्रेसने पास केलं, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने ते ५ एप्रिल १७९२ ला परत पाठवलं, अमेरिकेच्या इतिहासातला हा पहिला व्हेटो. शेवटी ३३,००० माणसांमागे एक जागा आणि बाकी सोडून द्यायची असं ठरलं, एकूण जागा १०५. बाकी सोडून देणं म्हणजे काय ते डेलावेअरला विचारा, मोजणीत ५५,५४०, भागाकार १.६८, मिळाली जागा एक.

इथे जरा थांबा, कारण या मोजणीत गुलामांचा हिशोब आहे. गुलामांच्या संख्येचे तीन पंचमांश लोकसंख्येत धरायचे, मत मात्र त्यांना नाही. व्हर्जिनियाची १७९० ची एकूण लोकसंख्या ७,४७,६१०, त्यातले २,९२,६२७ गुलाम. तीन पंचमांशाने मोजणी झाली ६,३०,५६०, भागिले ३३,००० म्हणजे १९ जागा. आता फक्त स्वतंत्र माणसं धरा, ४,५४,९८३, त्याच भावाने येतात १३. सहा जागा अशा माणसांच्या जिवावर ज्यांना मतदानाच्या ठिकाणी उभंही केलं जात नव्हतं. कुठल्याही दक्षिणेकडच्या राज्याचा मतदारसंघ बघताना हा हिशोब कागदावर एकदा करून बघाच.

पुढचे आकडे: १८०० च्या जनगणनेनंतर १४१ जागा, १८१० नंतर १८१, १८२० नंतर २१३, १८३० नंतर २४०. दर दहा वर्षांनी नकाशा नवा, त्यामुळे १८०१ चा आणि १८०३ चा ‘तिसरा डिस्ट्रिक्ट’ एकच असेल हे गृहीत धरायचं नाही.

तिसरी पायरी: पद्धत कोणती. इथेच लोक गंडतात

चार प्रकार भेटतात. एक, सरळ मतदारसंघ, एक जागा एक माणूस, जसं १७८९ चं व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क. दुसरा, अख्ख्या राज्याचं मिळून मतदान, तिथल्या भाषेत जनरल तिकीट, आपल्या भाषेत सरळ ‘पॅनल’. साखर कारखान्याची किंवा सोसायटीची निवडणूक पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. न्यू जर्सी, कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायर, पेनसिल्व्हेनिया यांनी पहिल्यांदा हेच केलं. आणि पॅनल टू पॅनल मतदान तिथेही फुटायचं हं! पेनसिल्व्हेनियात जर्मन मतदारांनी दोन्ही पॅनलमधली आपली माणसं उचलून स्वतःची चिठ्ठी बनवली आणि दोघे म्युलनबर्ग भाऊ आणि डॅनियल हीस्टर असे तिघे जर्मन निवडून आणले. त्यातला फ्रेडरिक म्युलनबर्ग पुढे हाऊसचा पहिला स्पीकर झाला.

तिसरा प्रकार मेरीलँडचा, तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं छापायचीच चूक आहे. डिस्ट्रिक्ट सहा, प्रत्येक डिस्ट्रिक्टचा एक माणूस निवडायचा, पण मत द्यायचं राज्यातल्या प्रत्येकाने सहाही जागांना. म्हणजे तुमच्या डिस्ट्रिक्टचा मेंबर कोण हे बाकीच्या पाच डिस्ट्रिक्टची माणसंही ठरवणार. एखाद्या डिस्ट्रिक्टचे लोक विरोधात असले तरी राज्यभर ज्या गटाचं पारडं जड तोच सगळ्या जागा घेणार, आणि झालंही तसंच, सहाच्या सहा जागा फेडरलिस्टांना, म्हणजे नव्या घटनेच्या बाजूच्या गटाला. तेव्हा मेरीलँडच्या १७८९ च्या डिस्ट्रिक्टचा निकाल बघून ‘या भागातल्या लोकांचा कल’ वगैरे लिहिलंत तर सपशेल तोंडघशी पडाल.

चौथा, एकाच मतदारसंघातून दोन-तीन-चार मेंबर. मॅसॅच्युसेट्सने १७९२ मध्ये केलं, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमध्येही बरीच वर्षं असे मतदारसंघ होते. आपल्याकडे १९५२ आणि १९५७ च्या लोकसभेला दोन सदस्यांचे मतदारसंघ होते, १९६१ मध्ये ते मोडले, तसंच काहीसं. अशा ठिकाणी एकूण मतं म्हणजे मतदारांची संख्या नव्हे, एकेकाने दोन-तीन नावं लिहिलेली असतात, त्यामुळे टक्केवारी काढताना जपून.

आणि राज्यं टोप्या फिरवायची. पेनसिल्व्हेनियाने पहिल्यांदा पॅनल, १७९१ मध्ये डिस्ट्रिक्ट, १७९२ मध्ये परत पॅनल, १७९४ मध्ये परत डिस्ट्रिक्ट! ज्याला जे सोयीचं ते त्याने त्या वर्षी केलं, दुसरं काय. म्हणून दर खेपेला त्या राज्याचा त्या वर्षीचा कायदा उघडायचाच, त्याला शॉर्टकट नाही.

चौथी पायरी: मतदारसंघ कागदावर काढा, आणि काउंटीवार बेरीज करा

हे सगळ्यात मजेचं काम, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. व्हर्जिनियाचा पाचवा मतदारसंघ, मतदान २ फेब्रुवारी १७८९, जेम्स मॅडिसन विरुद्ध जेम्स मन्रो. दोघे मित्र, दोघे पुढे राष्ट्राध्यक्ष, आणि एकमेकांविरुद्ध उभे. मॅडिसन घटनेच्या बाजूचा, मन्रोने ती मान्य करायच्या विरोधात मत दिलेलं.

कायद्यात मतदारसंघ म्हणजे काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांची, यादी. इथे आठ: अल्बमार्ल, अ‍ॅमहर्स्ट, कल्पेपर, फ्लुव्हॅना, गूचलंड, लुईझा, ऑरेंज, स्पॉटसिल्व्हेनिया. ही नावं आजच्या नकाशावर रंगवू नका, फसाल. कल्पेपरमधून पुढे मॅडिसन आणि रॅपाहॅनक काउंटी निघाल्या, अ‍ॅमहर्स्टमधून नेल्सन, ऑरेंजमधून ग्रीन. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या जुन्या सीमांचा नकाशासंग्रह ऑनलाइन ठेवलाय, तारीख टाकली की त्या दिवसाच्या सीमा दिसतात, तोच वापरा.

मग वहीत काउंटीपुढे दोन आकडे लिहायचे, आधी मॅडिसन मग मन्रो. अल्बमार्ल १७४ आणि १०५. अ‍ॅमहर्स्ट १४५ आणि २४६. कल्पेपर २५६ आणि १०३. फ्लुव्हॅना ४२ आणि ६३. गूचलंड १३२ आणि १३३, हो, एका मताने. लुईझा २२८ आणि १२४. ऑरेंज २१६ आणि ९. स्पॉटसिल्व्हेनिया ११५ आणि १८९. बेरीज १,३०८ आणि ९७२, फरक ३३६.

आता नुसता फरक बघून ‘आरामात जिंकला’ म्हणू नका, काउंटीवार बघा. चार काउंटी मॅडिसनच्या, चार मन्रोच्या. मॅडिसनचं घर ऑरेंजमध्ये, तिथे एकट्या घरच्या मैदानात २०७ ची आघाडी. कल्पेपरमध्ये १५३. या दोन काउंटी बाजूला काढल्या तर उरलेल्या सहांत मन्रो २४ मतांनी पुढे! म्हणजे निवडणूक फिरली ती कल्पेपरमध्ये, आणि मॅडिसनने घाम गाळला तोही त्याच बाजूला, घाम कसला, बर्फातच. तिथल्या एका जर्मन लोकांच्या चर्चजवळ प्रार्थना झाल्यावर दोघांनी बर्फात उभं राहून भाषणं केली, लोकांनी उभ्याने ऐकली, आणि मग रात्री बारा मैल घोड्यावरून परत येताना मॅडिसनच्या नाकाला थंडी चावली. म्हातारपणी तो स्वतःच हा किस्सा सांगायचा.

या मतदारसंघाबद्दल नेहमी सांगतात की घटनेचा विरोधक असलेला व्हर्जिनियाचा पुढारी पॅट्रिक हेन्री याने मॅडिसनला पाडायला तो मुद्दाम आखला. आरोप तेव्हापासूनचा आहे. घटना मान्य करायची की नाही हे ठरवणाऱ्या सभेत या काउंट्यांच्या बहुतेक प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं होतं हे खरं, आणि उमेदवार त्याच मतदारसंघात बारा महिने राहणारा हवा अशी अट कायद्यात घातली होती, त्यामुळे मॅडिसनला दुसरीकडे सरकता येईना, हेही खरं. पण नकाशावर बघाल तर आठही काउंटी एकमेकींना चिकटून, कुठे शेपूट नाही की शिंग नाही. माझं मत विचाराल तर डाव आखणीपेक्षा त्या बारा महिन्यांच्या अटीत जास्त होता.

आखणीचा विषय निघालाच आहे तर, सगळ्यांना माहीत असलेला गेरीमँडर, म्हणजे आपल्या पक्षाच्या सोयीने वेडावाकडा आखलेला, १८१२ च्या मॅसॅच्युसेट्समधला तो व्यंगचित्रातल्या पंखवाल्या सॅलमँडरसारखा (पालीसारखा प्राणी) मतदारसंघ, हाऊसचा मतदारसंघ नव्हता. तो राज्याच्या सिनेटचा, एसेक्स काउंटीतला. गव्हर्नर एल्ब्रिज गेरीने सही केली, आणि त्या वर्षी गेरीच्या पक्षाला ५०,१६४ मतांवर २९ सिनेटर मिळाले तर फेडरलिस्टांना ५१,७६६ मतांवर फक्त ११. उदाहरण जबरदस्त आहे, पण हाऊसच्या यादीत शोधायला गेलात तर सापडणार नाही.

पाचवी पायरी: मत कोणी दिलं आणि कसं दिलं

व्हर्जिनियात चिठ्ठी नव्हती. काउंटी कोर्टात शेरीफ बसलेला, उमेदवार समोर बसलेले, मतदार पुढे यायचा आणि सगळ्यांच्या देखत नाव सांगायचा, कारकून वहीत टिपणार, आणि ज्याला मत मिळालं तो उमेदवार उठून आभार मानणार. त्या १७९९ च्या रिचमंडच्या लढतीत जॉन मार्शल विरुद्ध जॉन क्लॉप्टन इतकी अटीतटी होती, शेवटी फरक शंभराच्या आसपास, की दोन पाद्री मित्रांनी लोकांचा आग्रह मोडवेना म्हणून जाऊन एकाने एकाला आणि दुसऱ्याने दुसऱ्याला मत दिलं आणि हिशोब बरोबर केला, असा किस्सा सांगतात. गुप्त मतदान नसल्याचा एक फायदा मात्र तुम्हाआम्हाला झालाय, जिथे त्या वह्या टिकल्या तिथे कोणी कोणाला मत दिलं हे नावानिशी वाचता येतं.

मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्ककडे चिठ्ठ्या. कोण मत देणार हेही राज्याचंच, राज्याच्या कनिष्ठ सभागृहाला जो मत देऊ शकतो तोच हाऊसला. बहुतेक ठिकाणी जमीन किंवा मालमत्तेची अट आणि पुरुषच. न्यू जर्सी वेगळं होतं, १७७६ च्या त्यांच्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेले ‘सगळे रहिवासी’ असं लिहिलेलं, त्यामुळे विधवा आणि अविवाहित बायका आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय मत द्यायचे, १७९० च्या कायद्यात तर ‘तो किंवा ती’ असं स्पष्ट आलं. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ताच नसायची, तेव्हा मंगळसूत्रवाल्या माझ्यासारखीचा पत्ता कट. १८०७ मध्ये कायदा करून बाकीच्यांचाही केला.

सहावी पायरी: जिंकायला किती मतं लागायची

न्यू इंग्लंडकडच्या राज्यांत हे आधी तपासा. मॅसॅच्युसेट्समध्ये नुसतं पुढे असून भागायचं नाही, निम्म्याहून जास्त मतं हवीत, नाहीतर परत मतदान. पहिल्याच खेपेला हॅम्पशायर-बर्कशायर मतदारसंघात पाच वेळा मतदान झालं, थिओडोर सेजविक मे १७८९ मध्ये निवडून आला तेव्हा तेव्हाच्या राजधानीत, न्यूयॉर्कात, हाऊसचं काम सुरूही झालं होतं. त्यामुळे एकाच मतदारसंघाचे दोन-तीन वेगवेगळे आकडे सापडले तर लगेच ‘सोर्स चुकीचा’ म्हणू नका, फेरी वेगळी असेल, तारीख बघा.

व्हरमाँटलाही तसंच. तिथला हाऊस मेंबर मॅथ्यू लायन याला सरकारविरोधी लिखाणासाठी १७९८ च्या सेडिशन कायद्याखाली चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. सप्टेंबरच्या फेरीत त्याला बहुमत मिळालं नव्हतं, डिसेंबरच्या फेरीत मिळालं, आणि तेव्हा तो तुरुंगात होता. नुसती सप्टेंबरची फेरी बघून थांबलात तर ही सगळी गंमत हुकली.

सातवी पायरी: आकडे कुठून आणायचे

आज सगळ्यात मोठा आधार म्हणजे फिलिप लँपी या माणसाचं काम. कित्येक दशकं हा गृहस्थ गावोगावच्या लायब्ररीत जाऊन जुन्या पेपरांतून आणि दप्तरांतून निकाल हाताने उतरवून घेत होता. अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आणि टफ्ट्स युनिव्हर्सिटीने ते ‘अ न्यू नेशन व्होट्स’ नावाने ऑनलाइन आणलंय, १७८७ ते १८२५, फुकट. राज्य, वर्ष, पद टाका आणि काउंटीवार, कुठे कुठे गावनिहाय आकडे घ्या.

वापरताना तीन गोष्टी बघा. चिठ्ठीवर लोक हाताने नाव लिहायचे, त्यामुळे एकाच माणसाची स्पेलिंगं दोन-तीन, ती एकत्र धरायची की नाही हे तळटीप वाचून ठरवा. ‘स्कॅटरिंग’ लिहिलेलं म्हणजे किरकोळ, इकडेतिकडे पडलेली मतं, पण बहुमताच्या राज्यात तीच निकाल अडवतात, म्हणून बेरजेतून गाळू नका. आणि पक्षाचं नाव चिठ्ठीवर नसायचं, ते बऱ्याचदा नंतरच्या अभ्यासकांनी लावलेलं असतं, १७८९ ला तर पक्षच धड नव्हते, घटनेच्या बाजूचे आणि विरोधातले एवढंच.

जुने पेपर स्वतः शोधणार असाल तर आणखी एक. १८०० पर्यंतच्या छपाईत लांब एस असायचा, दिसायला थेट एफसारखा, त्यामुळे ‘एसेक्स’ सर्च केलं तर शून्य आणि ‘एफेक्स’ केलं तर ढीगभर निकाल! मी हे शिकले तेव्हा आधीचे सगळे सर्च परत केले.

आठवी पायरी: निकाल टिकला का

शेवटी बघायचं की जिंकलेल्या माणसाला हाऊसने आत घेतलं का. परत माझं न्यू जर्सी. ११ फेब्रुवारी १७८९ ला मतदान सुरू झालं आणि बंद कधी करायचं हे कायद्यात लिहायचंच राहिलं! मग काय, प्रत्येक काउंटीने आपल्या सोयीने चालू ठेवलं, पश्चिमेकडच्या पॅनलची मतं किती पडली ते बघून पूर्वेकडे मतदान लांबवत बसले. शेवटी गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलने चार नावं जाहीर केली, बूडिनॉट, कॅडवॉलडर, शुरमन आणि सिनिकसन, विरोधकांनी हाऊसकडे तक्रार नेली, आणि हाऊसने सप्टेंबरमध्ये निवड वैध ठरवली.

आणि १८४२ नंतरचं काही शोधत असाल तर तिथेही हीच पायरी. २५ जून १८४२ च्या कायद्याने सांगितलं की एकाहून जास्त जागा असलेल्या राज्याने सलग मतदारसंघ करायचे, एका मतदारसंघातून एकच. न्यू हॅम्पशायर, जॉर्जिया, मिसिसिपी आणि मिसुरी या चौघांनी सरळ दुर्लक्ष करून अठ्ठाविसाव्या काँग्रेसला पॅनलनेच माणसं पाठवली, हाऊसमध्ये १८४४ ला जोरदार चर्चा झाली, आणि सगळ्यांना बसू दिलं. त्यामुळे या चार राज्यांचे त्या काँग्रेसचे मेंबर शोधताना डिस्ट्रिक्ट नंबरचा रकाना रिकामा दिसला तर माझ्यासारखे दोन दिवस घालवू नका, तो रिकामाच आहे.